आतून कडी

हैदराबाद, १४ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. तारा हिला प्रेमलाचे आशीर्वाद.

गाडी काचीगुड्याला दोन तास उशिरा लागली. हे उतरवून घ्यायला आले होते म्हणून बरं. नीलाला वाटेत ताप चढला होता, तो आता उतरलाय.

चार दिवस माहेरी राहून आले खरी, पण एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही. भाऊबिजेच्या सकाळी आई चुलीपुढं पोळ्या करत होती. धुरानं तिचे डोळे इतके गळत होते की तिला तव्यावरची पोळी दिसत नव्हती. हातानं चाचपून उलटत होती. मी म्हटलं, "आई, ऊठ, मी करते." तर म्हणाली, "तुला कोणी बोलावलं सैपाकाला? चार दिवसांची पाहुणी तू, बस तिकडं." पासष्टीची बाई. दादांच्या संसारात तिला सुख लागलं नाही, दादा गेल्यावर तरी लागावं.

यांच्याशी बोलले. आमच्या शरदचंद्रांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, स्वतःहून काही सुचवायचे नाहीत, पण या खेपेला आपण होऊन म्हणाले, तुझ्या आईच्या घरी एखादं काम काढायचं असेल तर काढ, मी खर्च देतो. निघताना जालन्याच्या स्टेशनवर गिरिधरला मी घरातलं एखादं काम काढायचं मनात आहे असं म्हटलं होतं. तो म्हणाला, "ताई, घरात दोन जागा पार मोडकळीस आल्यात, स्वयंपाकघर आणि न्हाणी. दोन्ही व्हायची नाहीत. एक काय ते तू ठरव."

मला तर ठरवण्यासारखं काही दिसत नाही. इथं आमच्या समोरच्यांनी उभ्यानं करायचा ओटा घातलाय, खाली शहाबादी फरशी, वर धुराडं, बाजूला खिडकी. स्वयंपाकघर आहे की देवघर, कळू नये. आईला तसं करून द्यावं असं मनात आहे. तरी घरात वावरतेस तू, म्हणून तुला विचारते. लवकर कळव.

प्रेमला

जालना, २ डिसेंबर १९५३

ती. वन्सं यांना ताराचा नमस्कार.

नीलाचा ताप उतरल्याचं वाचून जिवात जीव आला. तुम्ही गेल्यापासून घर रिकामं वाटतं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. स्वयंपाकघर वाईट आहे, ते खरं. पण ते चालतं. माळवदातलं सानं, ते छताचं भोक, थोडं मोठं केलं तर निम्मा धूर वर निघून जाईल. कडूबा गवंडी ते एका दिवसात करून देईल. न्हाणीचं तसं नाही. न्हाणी म्हणजे अंगणातला एक दगड, दोन बाजूंना पत्रा आणि पुढं पोत्याचा पडदा. आजवर भागलं. पण मागच्या बद्रीनाथ शेठनी आता कापडाच्या दुकानावर माडी चढवलीय. तिच्या तीन खिडक्या आपल्या अंगणावर उघडतात. दिवसभर तिथं मुनीम, हमाल, गिऱ्हाईक. वरून पाहणाऱ्याला पडद्याची काय आडकाठी? उजाडायच्या आत अंघोळी उरकाव्या लागतात. दिवसा मधेच अंगावर पाणी घ्यायची वेळ आली तर कुठं जावं?

मी माझ्यासाठी म्हणत नाही. आईंना न्हाणीच बरी पडेल. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. एवढ्यावर समजून घ्या.

तारा

हैदराबाद, ११ डिसेंबर १९५३

चि. सौ. तारास आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. "आईंना न्हाणीच बरी पडेल" याचा अर्थ मला लागला नाही. आई दिवसातून एकदा अंघोळ करते. चुलीपुढं मात्र सकाळ-संध्याकाळ बसते. चार दिवस मी डोळ्यांनी पाहिलं. खरं सांगायचं तर चुलीपुढं आई जास्त आणि तू कमी, असंच मला दिसलं. धूर ज्याच्या डोळ्यांत जातो त्याला तो कळतो.

त्याच दगडावर मी लग्न होईपर्यंत सोळा वर्षं न्हाले. माझं काही झिजलं नाही. तुझ्या शहागडला तर बायका गोदेच्या पाण्यात उघड्यावर उतरतात. तिथं तुला कधी भिंती लागल्या नाहीत, आणि जालन्याच्या माझ्या आईच्या घरात लागतात.

हे कडू वाटेल, पण मनात एक आणि पत्रात एक असं मला जमत नाही. आईलाच विचार. तिला लिहिता येत नाही. ती बोलेल तसं तू लिहून पाठव. तुझी भर घालू नकोस.

प्रेमला

जालना, १९ डिसेंबर १९५३

प्रेमले,

हे तारा लिहून राह्यली. मी बोलते तसंच लिही म्हणलं, तसंच लिहून राह्यली. तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं. सगळं न्हाई वाचलं वाटतं, मधीच थांबली व्हती. असू दे.

आईसाठी काही करावं तुझ्या मनात आलं, लई बरं वाटलं. जावायालाबी तसं सांग. आता तू इचारलं म्हणून सांगते. मला न्हाणी पाहिजे. चारी बाजूंनी भिंत, वर छत, लाकडाचं दार, आन् दाराला आतून कडी. मोरी बराबर वाहती पाहिजे. बाकी काही न्हाई. सैपाकघराचं काय, चूल पेटती, पोटाला मिळतं, मंग झालं.

काहून पाहिजे ते इचारू नको. म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट पाहिजे असती. लेकीनं देऊन टाकावी.

गिरिधरला मी बोलले न्हाई. लेकापाशी असलं बोलता येत न्हाई. तूच लिही त्याला. जल्दी झालं तर बरं.

नीलीच्या अंगाला तेल लावत जा. हाडं निघालीत पोरीची.

आई

हैदराबाद, ३ जानेवारी १९५४

तारा,

आईच्या नावचं पत्र मिळालं. अक्षर तुझं, आणि मजकूरही तुझाच.

ज्या बाईनं आयुष्यात घराच्या दाराला दिवसा कडी घातली नाही, ती म्हणते आतून कडी पाहिजे? जल्दी आहे म्हणते? लग्न होऊन आल्यापासून त्या दगडावर न्हाणाऱ्या माणसाला आताच कसली घाई सुटली? घाई तुला आहे. आणि "गिरिधरला मी बोलले न्हाई" हे तर फारच झालं. आई पोटच्या मुलाशी बोलत नाही, मुलीला कारण सांगत नाही, आणि सुनेजवळ मन मोकळं करते, असं मी मानायचं. तेल लावायचं वाक्य तेवढं आईचं आहे. तेवढं बरोबर उचललंस.

तुला न्हाणी हवी होती तर "मला हवी" म्हणून मागायचीस. मी कदाचित रागावले असते, पण तुला खोटी म्हटलं नसतं. आईच्या तोंडात आपले शब्द घालणं मला सहन होणार नाही.

गिरिधरला वेगळं पत्र टाकलंय. संक्रांत झाली की स्वयंपाकघराचं काम सुरू होईल. यावर आता लिहू नकोस.

प्रेमला

जालना, ३१ जानेवारी १९५४

ती. सौ. ताईस गिरिधरचा सा. नमस्कार.

तुझ्या सांगण्याप्रमाणे काम चालू केलं. कडूबानं जुनी चूल फोडली, पूर्वेची भिंत पाडली. खिडकी मोठी काढतोय, तुला आवडेल. ओट्याची फरशी आली आहे.

घरात जरा पसारा आहे. विटा, वाळू, चुना सगळं अंगणात. चुना मळायला कडूबाला सपाट जागा पाहिजे होती, म्हणून न्हाणीचा पत्रा आणि पडदा तेवढ्यापुरता काढून ठेवलाय. दगडावर त्याचा चुना पडलाय. पाच-सहा माणसं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अंगणात असतात. घरातल्या बायका अंघोळीला शेजारी दुर्गाबाईंकडे जातात. महिन्या-दीड महिन्याचा प्रश्न आहे.

तारा माझ्याशी दोन शब्दांवर तिसरा बोलत नाही. परवा कचेरीतून आलो तर दारातच म्हणाली, "काम थांबवा." मी विचारलं, "काहून?" म्हणाली, "आईंना विचारा." आईला विचारलं तर आई म्हणे, "चालू दे रे बाबा. लेकीनं हौसेनं काढलंय." आता मी कोणाचं ऐकायचं? तुम्हा बायकांचं तुमच्यातच काही बिनसलं असेल तर मला मधे घालू नका.

आई जरा वाळलीय. चहा सोडलाय, पित्त होतं म्हणते. पाणीसुद्धा घोटभर पिते. कोपऱ्यातल्या खोलीत पडून असते. एवढ्या धुळीत दुसरं कोण काय करणार? स्वयंपाकघर झालं की तिला हुरूप येईल.

तुझा
गिरिधर

जालना, १२ फेब्रुवारी १९५४

ती. वन्सं यांना नमस्कार.

यावर लिहू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं, तरी लिहिते. तुम्ही या. दोन दिवसांसाठी या. हे मी पत्रात लिहू शकत नाही आणि तुमच्या भावाला सांगू शकत नाही. तुम्ही आलात, आईंजवळ एकट्या बसलात, की मी काही न बोलता तुम्हाला कळेल.

तुम्हाला यायला जमत नसेल तर निदान आठ दिवस काम बंद ठेवायला यांना लिहा. तुमचं ते ऐकतील. अंगण मोकळं झालं पाहिजे.

तुम्ही मला खोटी म्हणालात. म्हणा. मला न्हाणी नको, बांधून झाल्यावर मी तिच्यात पाऊल टाकणार नाही असं लिहून देते. पण या.

तारा

हैदराबाद, २० फेब्रुवारी १९५४

तारा,

नीलाची परीक्षा मार्चमध्ये आहे. हे दौऱ्यावर आहेत. उठलं की निघालं असं मला करता येत नाही. आणि आले तरी तू माझ्यासमोर रडशील, गिरिधर गोंधळेल, आणि अर्धं झालेलं काम तसंच पडेल. भिंत पाडून झाल्यावर काम थांबवा म्हणणं हे शहाणपणाचं नाही.

आईला बरं नसेल तर डॉक्टरला दाखवा. त्यासाठी मी कशाला यायला पाहिजे?

मी पाडव्याला येते. नव्या ओट्यावर पहिला स्वयंपाक आईच्या हातचा व्हायचा आहे. पुरण घाला म्हणावं. तोवर मनातलं सगळं काढून टाक, मीही टाकते.

प्रेमला

तार
जालना, २३ मार्च १९५४

आई अत्यवस्थ. ताबडतोब निघ. गिरिधर.

जालना, १६ एप्रिल १९५४

ती. वन्सं यांना,

तुम्ही तेराव्याच्या संध्याकाळच्या गाडीनं गेलात. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी पानं वाढत असताना तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हे स्वयंपाकघर दोन महिने आधी झालं असतं तर माझी आई धुरानं खंगली नसती. जिनं खोडा घातला तिनंच आज इथं वाढायला उभं राहावं." मी पातेलं हातात घेऊन उभी होते. वाढायचं थांबता येत नव्हतं, ब्राह्मण पानावर होते. म्हणून वाढलं.

आता आई नाहीत. मी दिलेली शपथ मोडते. मोडल्यानं काय व्हायचं ते होवो.

आईंच्या अंगावरून जात होतं. वर्ष होऊन गेलं. अंग बाहेर येण्याचा त्रास त्यांना फार जुना होता, यांच्या जन्मापासूनचा. तो त्या कुणाला न सांगता सोसत आल्या. मागच्या दिवाळीच्या आधीच्या वर्षी रक्त सुरू झालं, मग पाणी, मग वास. मला कसं कळलं? एकदा धुण्यात एक लुगडं कमी होतं. शोधलं तर त्यांनी ते सरपणाच्या मागं कोंबून ठेवलं होतं. मी ते हातात घेऊन उभी, आणि त्या दारात. म्हणाल्या, "पाह्यलंस?" मी म्हटलं, "आई, डॉक्टरीणबाईंना दाखवू." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "कोणाला बोलशील तर माझ्या गिरिधरची आन हाय तुला. त्याला न्हाई, प्रेमलेला न्हाई, कोणालाच न्हाई. लेक हाय माझी, तिनं मला अशी न्हाई पाहायची."

माझ्या नवऱ्याची आण. मी काय करायला हवं होतं, तुम्ही सांगा.

तेव्हापासून त्यांची फडकी मी धुवायची. दिवसातून तीनदा, चारदा त्यांना अंग धुवावं लागे. बद्रीनाथ शेठची माडी झाली आणि ते बंद पडलं. मग पहाटे एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा. मधला सगळा दिवस त्या तशाच बसून. आणि तुम्ही म्हणालात की चुलीपुढं आई जास्त दिसली. वन्सं, त्या वर्षभरात आईंनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. स्वतःला विटाळशी धरत होत्या. देवाला हात लावत नव्हत्या. त्या चार दिवसांपुरत्या चुलीपुढं बसल्या, कारण तुम्ही आला होतात आणि तुम्हाला शंका यायला नको होती. तुम्ही गेल्यावर त्यांनी त्याचं प्रायश्चित्त म्हणून चार दिवस उपास केला.

न्हाणीचं पत्र त्यांनीच सांगितलं. प्रत्येक शब्द त्यांचा होता. कडी त्यांची होती, जल्दीही त्यांची. तुमचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणती?" मी म्हटलं, "नाही म्हणतात." मग म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? तिला काय ठाव?" मी म्हटलं, "मग सांगते त्यांना." तर म्हणाल्या, "आन इसरलीस का?"

काम सुरू झालं आणि होता तो पडदाही गेला. यांना वाटलं आम्ही दोघी दुर्गाबाईंकडे अंघोळीला जातो. मी जात होते. आई शेजारणीच्या घरी कशा जातील, अंगाला वास असताना? मी खोलीत घमेलं ठेवून पुसून काढायची, तेवढंच. अंगणात माणसं, आणि सारखी लघवीला जायची भीती, म्हणून त्यांनी पाणी सोडलं. चहा पित्तानं सोडला नव्हता. मी पेला तोंडाला लावला की ओठ मिटून घ्यायच्या. सहा आठवडे.

तापात बडबडायला लागल्या तेव्हा मी यांना न विचारता डॉक्टरीणबाईंना आणलं. तपासून त्या बाहेर आल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आतली गाठ जुनी आहे. तिला मी काही करू शकले नसते. पण आज मरताहेत त्या गाठीनं नाही. पाणी तोडलं, स्वच्छता नाही, विष भिनलं. एवढे दिवस घरात कुणालाच दिसलं नाही?" मी म्हटलं, "मला दिसलं." त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

वन्सं, धुराचं म्हणालात ते खोटं आहे. पण खोडा मी घातला, हे खरं असेल. आण मोडून पहिल्याच पत्रात दोन ओळी लिहिल्या असत्या तर? मी भ्याले. नवऱ्यासाठी भ्याले आणि सासू घालवली. याचा दोष मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही. तुमच्या वाट्याचा तुम्ही घ्या.

तारा

हैदराबाद, ५ मे १९५४

तारा,

तुझं पत्र मिळाल्याला दोन आठवडे झाले. रोज लिहायला बसले आणि उठले. यांना दाखवलं नाही.

पहिल्यांदा तुझाच राग आला. माझी आई होती ती. कसली आण, कसलं काय! तू मला सांगायला पाहिजे होतंस. हे वाक्य मी तुला दहा वेळा लिहिलं आणि दहा वेळा फाडलं. कारण मला एक गोष्ट आठवत राहते, ती तुला ठाऊक नाही. ती तुला कळली पाहिजे.

दिवाळीच्या मुक्कामात मी आईजवळ निजत होते. तिच्या अंथरुणाला वास यायचा. मला कळला. दुसऱ्या दिवशी दुपारी तू विहिरीवर गेली होतीस तेव्हा मी तिला विचारलं, "आई, तुझी सून तुझे कपडे नीट धूत नाही का गं?" तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "न्हाई धूत. आळशी हाय. बोलू नको तिला, घरात उगं भांडण."

तेव्हापासून तू माझ्या मनातून उतरलीस. न्हाणीचं पत्र आलं तेव्हा मी कशी भडकले ते तुला आता कळेल. आपली आई एका आळशी, मतलबी सुनेच्या हातात आहे आणि ती तिच्या नावानं आपली सोय करून घेते, एवढंच मला दिसलं. वास माझ्या नाकात गेला होता, तारा. मी विचारलं, पण मला जे उत्तर ऐकायचं होतं ते मिळालं आणि मी तिथंच थांबले. पांघरूण उचलून पाहिलं नाही.

क्षमा मागण्याचं तोंड नाही. यांना सांगून मी न्हाणीची तजवीज करते. चांगली भिंतीची, छताची. दारावर आईच्या नावाची फरशी बसवू. तिचा शब्द राहिला होता, तो तरी पुरा होईल. दिवाळीला मी येईन तेव्हा आपण दोघी मिळून तिच्या नावानं शांती करू.

प्रेमला

जालना, २४ मे १९५४

ती. वन्सं यांना,

तुमचं पत्र मी अंगणात उभ्यानं वाचलं आणि मग घरात जाऊन स्वयंपाकाला लागले. तिसऱ्या दिवशी यांनी विचारलं, "काय झालं?" तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. आण तर मी आधीच मोडली होती. तुमचं पत्रही वाचायला दिलं.

ते पायरीवर बसले. म्हणाले, "मी रोज सकाळी या अंगणात तोंड धूत होतो. रोज." मग म्हणाले, "आईनं मला काहून न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलं?" त्यानंतर ते माझ्याशी जपून बोलतात. परक्या बाईशी बोलावं तसं.

आई मला आळशी म्हणाल्या. वर्षभर त्यांच्या चिंध्या मी या हातांनी धुतल्या, चुन्यानं आणि सोड्यानं बोटांची सालं गेली, ती दिवाळीत तुम्ही पाहिली नाहीत. मला समजतं त्यांनी तसं का म्हटलं. लेकीसमोर लाज झाकायला त्यांना काही तरी पुढं करायचं होतं, आणि हाताशी मी होते. समजतं म्हणून राग जात नाही. त्या असत्या तर भांडले असते, रडले असते, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला असता आणि संपलं असतं. आता कुणाशी भांडू? रोज सकाळी त्यांच्या फोटोला फूल वाहते आणि मनातून वाहत नाही.

स्वयंपाकघर चांगलं झालंय. हे न लिहिणं खोटेपणाचं होईल. धूर राहत नाही, खिडकीतून उजेड येतो, उभ्यानं काम करायची सवय झाली. कडूबानं जीव ओतून केलंय. तिथं उभी राहिले की मला बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून मला माझीच चीड येते.

आता न्हाणीचं. आईंच्या नावाची फरशी मी बसवू देणार नाही. त्यांना हवी होती तेव्हा मिळाली नाही. गेल्यावर दारावर नाव कोरून कुणाचं समाधान करायचं? तुमचं होईल, यांचं होईल. माझं नाही होत. आणि दिवाळीला येऊ नका. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. नीलाला सुट्टीत पाठवायचं असेल तर पाठवा, तिच्याशी माझं काही नाही.

पण न्हाणी बांधा. कडूबाला मी कालच बोलावून जागा दाखवली. त्यानं विचारलं, "बाई, कोणासाठी?" मी त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला लिहिते. मला पाहिजे. मी इथं राहते, मी इथं न्हाते, बद्रीनाथ शेठच्या खिडक्या रोज माझ्या अंगावर उघडतात. कुणाच्या आजारपणासाठी नाही, कुणाच्या आत्म्याला शांती म्हणून नाही. मला पाहिजे. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तुम्ही तेव्हाही नाहीच म्हणाला असतात. पण निदान ते तुमचं-माझं भांडण झालं असतं, आणि त्यात आईंना मधे बसावं लागलं नसतं.

तारा